चांदीच्या खाणीत दादा

कोलीन,
२ मे १९९९

तीर्थरूप अलोइसदादास,
यार्मिलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोन करत नाही, कारण ओटाकरचं नाव निघालं की तू फोन ठेवून देतोस. पत्र मात्र कितीही चिडलास तरी शेवटपर्यंत वाचतोस. आईने लावलेल्या सवयीचा फायदा घेते आहे, झालं.

इकडे लायलक फुललाय, गुडघा बरा आहे, शेजारणीचं मांजर अजून माझ्याच पायरीवर झोपतं. आता मुद्द्याचं. तू आणि वहिनी पुढच्या शुक्रवारी या. शनिवारी आपण चौघं कुत्ना होराला जाऊ. चौथा कोण ते तुला कळलंच असेल. सगळा जन्म तू ऑस्ट्रावाच्या कोळशात घालवलास, पण आपण जन्मलो त्या गावाच्या शेजारची चांदीची खाण काही पाहिली नाहीस. आणि संत बार्बरा तुम्हा खाणवाल्यांची, पण तिचं एवढं देखणं चर्च आमच्याकडे, हे तुला अजून सहन होत नाही, तेही मला माहीत आहे.

ओटाकरने मला लग्नाचं विचारलंय. मी त्याला स्पष्ट सांगितलं की दादा तुझ्याबरोबर एका टेबलाशी बसून जेवला, तरच हो म्हणेन. माझ्या कारेलला जाऊन सहा वर्षं झाली, दादा. त्याला मी विसरलेले नाही. पण संध्याकाळी सूप एकटीनेच प्यायचं, ह्याचा मला आता खरंच कंटाळा आलाय. आणि ह्या वयात भावापासून चोरून लग्न करायला मी काही सतरा वर्षांची नाही.

कटलेट तळून, पावात घालून मीच आणीन. तुझा लोभ माझ्यावर आहेच. त्यातला चमचाभर ओटाकरकडे वळव, एवढंच मागणं.

तुझी,
यार्मिला


ऑस्ट्रावा,
७ मे १९९९

चि. यार्मिलास,
अनेक आशीर्वाद.

येतो. हेडविकाला चर्च पाहायचंय म्हणून येतो, तुझ्या बँडवाल्यासाठी नाही. पोडेब्राडीच्या बागेत औषधी पाणी प्यायला आलेल्या म्हाताऱ्यांपुढे जन्मभर क्लॅरिनेट फुंकणं हा काय धंदा झाला? त्याचे हात बघितलेत मी फोटोत. लोण्यासारखे.

तू म्हणशील दादा हट्टी आहे. असेन. पण खाणीचं छत कोसळलं तेव्हा बाकीचे पळाले आणि कारेल एकटा मागे फिरला, हे तुला मी नव्याने सांगायला नको. त्याने मला पाय धरून बाहेर ओढलं. तुझ्याशी त्याची गाठ मीच घालून दिली. आता त्याच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं मी बघायचं आणि वर मान डोलवायची? उद्या वर गेल्यावर त्याला काय तोंड दाखवू?

एक बरं झालं, तू खाण निवडलीस. जमिनीवर सगळेच गोड बोलतात. माणूस खाली कळतो. बघू तुझा ओटाकर तिथे कसा टिकतो.

कटलेट भरपूर आण. राग आहे तसा आहे, आशीर्वादही आहेत तसेच.

तुझा दादा,
अलोइस


कोलीन,
१८ मे १९९९

सौ. हेडविकावहिनीस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचलात का हेसुद्धा दादाने कळवलं नाही, म्हणून तुलाच लिहिते.

वहिनी, सकाळ किती छान गेली गं. चर्चमध्ये तू मान वर करून इतका वेळ उभी राहिलीस की ओटाकरने तुला हात धरून बाकावर बसवलं. मग ते पांढरे झगे आणि हेल्मेट. आपण चौघं भुतांची वरात निघाल्यासारखे दिसत होतो. दादा खाली उतरताना भिंतीला हात लावून खाणवाल्यांचं ते 'देव यश देवो' म्हणाला आणि त्याचा चेहरा कसा उजळला, ते मी पाहिलं. मला वाटलं, झालं, आज सगळं जुळतंय.

मग तो अरुंद बोगदा. दादाने मुद्दाम ओटाकरला सगळ्यात शेवटी ठेवलं, बघू घाबरतो का म्हणून. वाट दाखवणाऱ्या मुलीमागे आपण दोघी पुढे निघून गेलो आणि मागून शीळ ऐकू आली. ओटाकरची. आणि त्यावर दादाचं ओरडणं, की खाणीत शीळ घालायची नसते, खालचा राखणदार बुटका रागावतो, एवढंही कळत नाही का. मेल्याला मी आदल्या दिवशी सगळं शिकवलं होतं. बिअर उंच धर, नमस्कार आधी तू कर, सगळं सांगितलं, आणि नेमकं हेच सांगायचं राहिलं.

त्यानंतरचं तू पाहिलंसच. खानावळीत दादा वेगळ्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसला. निघताना ओटाकरशी हातही मिळवला नाही. मी ओटाकरला घरी येऊन खूप बोलले. खाणीत शीळ घालायची दुर्बुद्धी का झाली म्हणून दहादा विचारलं. तो फक्त म्हणतो, चूक झाली माझी. बाकी तोंड उघडेना. मला रडू आलं आणि रागही. दादा जेवला नाही, म्हणजे माझं उत्तर ठरलंय. रविवारी ओटाकर येईल तेव्हा त्याला नाही म्हणून सांगणार आहे.

दादाला यातलं काही सांगू नकोस. तू तेवढी माझ्यावर माया ठेव.

तुझी नणंद,
यार्मिला


ऑस्ट्रावा,
२० मे १९९९

प्रिय यार्मिलास,
हेडविकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळताच लिहायला बसले. डंपलिंगचं पीठ तसंच ठेवलंय. आधी मुकाट्याने ऐक. रविवारी कुणाला काही नाही-बिही म्हणायचं नाही.

तुझा दादा त्या बोगद्यात अडकला होता. अगं हो, तोच, ज्याने कोळशात उभा जन्म काढला. सकाळी गाडीत तुझे कटलेट किती खाल्ले ते मी मोजायचं सोडून दिलं होतं. पोट पुढे, झगा मागे गोळा झालेला, आणि ती वाट केलेली जुन्या काळच्या काटकुळ्या माणसांसाठी. ना पुढे ना मागे. आणि मदतीला हाक मारायची त्याला लाज. शाळेच्या सहलीची पोरं जातात तिथून खाणवाल्याला ओढून काढलं असतं, तर ऑस्ट्रावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

त्याच्या मागे ओटाकर. त्या बिचाऱ्याला बंद जागेची लहानपणापासून धास्ती आहे, लिफ्टमध्येसुद्धा पाऊल ठेवत नाही, असं बाहेर आल्यावर त्याने अलोइसला सांगितलं. तुला माहीत होतं का? मला वाटतं, नव्हतं. समोर अलोइसची पाठ, वाट बंद. भीतीने आपोआप शीळ फुटली. हा ओरडला. मग ओटाकर कापऱ्या आवाजात म्हणाला, "श्वास घेऊ नका, सोडा. शेवटचा सूर लांबवतो तसा, सगळा संपेपर्यंत सोडत राहा." अलोइस फुंकत राहिला, पोट आत गेलं, मागून ओटाकरने दोन्ही हातांनी ढकललं आणि हा बाटलीच्या बुचासारखा पलीकडे.

खानावळीत हा वेगळा का बसला, ते ऐक. ओटाकर आता सगळी गंमत सांगणार आणि आपण तिघं हसणार, याची वाट बघत. ओटाकर हवापाण्याबद्दल बोलत जेवला. परतताना गाडीतून ओलोमोउच मागे पडलं. मग अलोइस एकदम मला म्हणाला, "कारेल असता तर पहिली बिअर संपायच्या आत त्याने सगळ्या खानावळीला सांगितलं असतं." आणि डोळे पुसले. आपलं माणूस म्हणून सांगते, इतकी वर्षं संसार केला, पण त्याला असं मी दोनदाच पाहिलंय.

तू रागावून बोललीस तेव्हाही ओटाकर गप्प राहिला, तुला गमावायची वेळ आली तरी. याचा विचार कर. काल तुझा दादा इथे कारेलच्या थडग्यावर फुलं घेऊन गेला होता. काय बोलला ते मी विचारलं नाही.

पीठ फुगून भांड्याबाहेर आलंय. पुढचं त्याचं तो लिहील. जीव लावतेस तशीच लावत राहा.

तुझी वहिनी,
हेडविका


ऑस्ट्रावा,
२१ मे १९९९

श्री. ओटाकर यांस,
सा. न. वि. वि.

हा मायना तुमच्यासाठी शेवटचा. यापुढे अरे-तुरे. खरं तर हे बिअरचे पेले हातात घेऊन करायचं असतं, पण पत्रातून पेला जात नाही.

तर ऐक, ओटाकर. काल आमच्या जुन्या मंडळींच्या बैठकीत मी उभा राहून सगळं सांगितलं. अडकलो ते, ओरडलो ते, आणि तू मला बाहेर काढलंस तेही. अर्धा तास हसत होते नालायक. आज सकाळी रस्त्यात भेटले तेही पोटाकडेच बघत होते. हसोत. तू गप्प राहिलास, आता मी का राहू?

हसून झाल्यावर मी त्यांना एक मागणं घातलं आणि त्यांनी मान्य केलं. आम्ही खाणवाले कमरेला मागे एक चामडं बांधायचो, दगडावर बसायला. नव्या माणसाला आपल्यात घ्यायचं तर दोघं जण त्याची टोकं धरतात आणि तो बिअर संपवून त्यावरून उडी मारतो. त्यानंतर तो आमचा. कोळशाला हात न लावलेल्या माणसाला हा मान क्वचित मिळतो. ४ डिसेंबरला, बार्बराच्या दिवशी, तू उडी मारायचीस. कंबर सांभाळ. आणि शीळ घालायची नाही.

लग्न त्याआधी करा. फक्त सप्टेंबरात नको, तेव्हा आम्ही जंगलात मशरूम गोळा करत असतो. जेवण एका टेबलाशी, मी तुझ्या शेजारी बसेन. यार्मिलाला सांग.

चामड्याचं एक टोक मी धरेन. दुसरं नेहमी कारेल धरायचा. ते आता यार्मिला धरेल. त्याला विचारून आलोय.

कळावे, आणि घरी यावे.

तुझा मेहुणा,
अलोइस