एका लिटरची पैज

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (हा कागदावरच घे. प्रत्यक्ष घातला असता तर मला उठवायला दोन माणसं लागली असती, कारण डावा गुडघा क्लच दाबून दाबून कामातून गेला आहे. कसला क्लच, कुणाचा क्लच, ते पुढे येतंय. घाई करू नकोस.) तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. बरी नसली तरी तू ते कळवणार नाहीस आणि उलट आमचीच चौकशी करशील, हे गेल्या पन्नास वर्षांत पाठ झालंय. इकडे सगळं ठीक. आमची ही मजेत आहे. मधे महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती, पण त्यालाही सबळ कारण होतं.

तू मागच्या पत्रात विचारलं होतंस, की पेट्रोल पुन्हा वाढलं, त्यावर तुझं काय म्हणणं? आत्या, माझं म्हणणं कधी कमी पडलंय का? बावीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या मोटारपानाची मुद्रितं तपासतोय. जगात कुठेही नवी गाडी निघाली की मालकाच्या आधी तिच्या चुका मला कळतात. भावाचंच म्हणशील तर मी एवढंच पाहिलंय, की पेट्रोल वाढलं की मथळा पहिल्या पानावर अठ्ठेचाळीस पॉइंटाच्या टपोऱ्या अक्षरांत बसतो आणि उतरलं की तीच बातमी आतल्या पानावर चष्म्याच्या जाहिरातीखाली बारा पॉइंटात सापडते, म्हणजे जाहिरातीला गिऱ्हाईक आपोआप मिळतं. गाड्यांचं तर विचारूच नकोस. पूर्वी काच पुसायला एक दांडी असायची, ती खाली ओढली की वायपर हलायचे. आता त्या जागी भलामोठा पडदा. काच पुसायची तर आधी पडद्यावर ‘वाहन’, मग ‘दृश्यमानता’, मग ‘पुढील काच’, आणि तोवर समोरचा ट्रक आपली दृश्यमानता कायमची मिटवून गेलेला असतो. स्टेपनी काढून टाकली आणि तिच्या जागी फेसाचा डबा ठेवला. पंक्चर झालं की चाकात फेस भरायचा म्हणे. (तोंडाला फेस येतो तो वेगळा.) आणि मधे आलेली एक बातमी तर कमालच होती. सीट गरम करायची सोय गाडीत आहे, पण ती वापरायची तर दरमहा भाडं भरायचं. स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या बुडाखालच्या सीटवर आपणच भाडेकरू!

हे सगळं मी दोन महिन्यांमागे एके दिवशी कचेरीत जेवणाच्या टेबलावर बोलत होतो. नेहमीचंच. पण त्या दिवशी भाव वाढल्यामुळे श्रोते जरा जास्त होते आणि मला जोर चढला. म्हणालो, पेट्रोल महाग नाहीये, तुमचे पाय महाग आहेत. उठसूट ब्रेक, उठसूट ॲक्सिलरेटर. नीट चालवली तर कुठलीही गाडी लिटरमागे दीडपट पळते. आमचा फोटोग्राफर समोर बसला होता. त्याची गाडी लिटरला अकरा किलोमीटर देते आणि तो दिवसभर आगी, अपघात आणि उद्घाटनं यांच्यामागे पळत असतो, त्यामुळे भाववाढ त्याला फार झोंबली होती. त्याने डबा बाजूला सारला आणि म्हणाला, “माझ्या गाडीत मोजून एक लिटर घालतो. तुम्ही चालवा. सोळा किलोमीटर गेली तर आयुष्यभर तुमचं ऐकेन. नाही गेली तर आयुष्यभर गप्प बसायचं.”

मी “ठरलं” म्हणालो, फक्त कामाचं निमित्त सांगून दोन महिन्यांची मुदत मागून घेतली.

आता आत्या, जगात एकट्या तुला ठाऊक असलेली गोष्ट अशी, की मला गाडी येत नाही. बाकी सगळ्यांची समजूत आहे, की मी तत्त्वाखातर चालवत नाही. (ती समजूत मी करून दिली नाही. तिला फक्त कधी हटकलं नाही.) एकोणिसाव्या वर्षी तू मला तुझ्या रुग्णालयामागच्या मैदानात शिकवायला नेलंस आणि मी तुझी गाडी धोबीघराच्या वाळत घातलेल्या चादरींतून आरपार नेली, त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नाही. काचेवर चादर पसरली तेव्हा मला वाटलं होतं, की आपण गेलो आणि हेच ते कफन. तू शांतपणे हँडब्रेक ओढलास, माझ्याशी जागा बदललीस आणि धावत आलेल्या मेट्रनला म्हणालीस, “माझा पाय घसरला.” पस्तीस वर्षं तो पाय तुझाच घसरलाय.

तर दुसऱ्याच दिवशी मी आमच्यापासून तीन बस-थांबे दूरच्या, म्हणजे ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा, मोटार शिकवणीत नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई सव्वीस वर्षांच्या. त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि तो त्या इतक्या तत्परतेने वापरतात, की शिकाऊ मंडळी त्यांना ब्रेकबाई म्हणतात. पहिल्या दिवशी मी त्यांना क्लचच्या दोन तबकड्या एकमेकींना कशा चिकटतात ते समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “काका, आता चालू करा.” त्यानंतर गाडी नऊ वेळा बंद पडली. दहाव्यांदा चालू राहिली ती मागे जात होती. आत्या, ज्ञान डोक्यात असतं आणि क्लच पायाशी असतो. मधलं अंतर माझ्या बाबतीत पाच फूट सात इंच आहे, आणि तेवढ्या प्रवासात ज्ञान वाटेत कुठेतरी उतरतं.

पण मी सोडलं नाही. हट्टाला पेटलो. सकाळी सहाची वेळ घेतली. बेकरीच्या चढावर गाडी घरंगळली, पुन्हा चढवली. चौकातला पोलीस मला ओळखायला लागला आणि मी दिसलो की चारही बाजूंची वाहनं थांबवून मला आधी घालवायला लागला. घरी सांगितलेलं नव्हतं. ‘फिरायला जातो’ म्हणायचो आणि घामाघूम होऊन खुशीत परतायचो. जेवताना टेबलाखाली पायांचा सराव करायचो, त्यात डाव्या पायाखाली हिचा पाय दोनदा आला. पहिल्यांदा ती लाजली. दुसऱ्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं, तर मी भिंतीकडे टक लावून पुटपुटत होतो, “हळू सोड, हळू सोड.” त्यातच शिकवणीतून फोन आला आणि तिनेच घेतला. पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला, “काकांना सांगा, उद्या सहाला नको, साडेसहाला, नेहमीच्या कोपऱ्यावर.” महिनाभराचा अबोला तो हा. शेवटी मी तिला सकाळी बरोबर नेऊन मागच्या सीटवर बसवलं. एक फेरी झाल्यावर ती उतरली आणि ब्रेकबाईंचा हात हातात धरून म्हणाली, “तुम्ही फार सोसताय हो.”

परीक्षेत दोनदा नापास झालो. पहिल्यांदा परीक्षक साहेबांना त्यांच्या नियमावलीतली शुद्धलेखनाची चूक दाखवली म्हणून (त्यांच्या मते लाल दिवा ओलांडला म्हणून). दुसऱ्यांदा खरोखरच लाल दिवा ओलांडला म्हणून. तिसऱ्यांदा, म्हणजे गेल्या मंगळवारी, पास झालो. परवान्यावरच्या फोटोत मी रडल्यासारखा दिसतो, कारण मी रडत होतो.

आणि गुरुवारी दुपारी पैज. मेकॅनिकने फोटोग्राफरच्या गाडीची टाकी रिकामी करून मापाने एक लिटर घातलं. मी चालवतोय, फोटोग्राफर शेजारी, मागे आमचे उपसंपादक पंच म्हणून. आत्या, काय चालवली म्हणून सांगू! कुठे धक्का नाही, गिअर लोण्यासारखे पडतायत. सहा किलोमीटर झाले तरी पेट्रोलचा काटा हलला नाही. (तो मोडलेला आहे हे नंतर कळलं.) फोटोग्राफरचा चेहरा उतरत चालला होता. आणि मग पुलाखाली गाड्या तुंबल्या. मुंगीच्या पावलाने पुढे, पुन्हा थांबा, पुन्हा पुढे. ‘थांबलं की इंजीन बंद करा, पेट्रोल वाचवा’ ही ओळ मी मोटारपानावर वर्षातून चारदा तपासतो. पण बंद केलेली गाडी मला एवढ्या लोकांसमोर पुन्हा चालू करता येईल याची खात्री नव्हती, म्हणून मी ती चालूच ठेवली आणि तोंडाने ‘या जातीच्या इंजिनाला बंद करणं मानवत नाही’ असं सांगत राहिलो. पाऊण तासाने इंजीन स्वतःहूनच बंद झालं. मी खाली उतरून पुढे पाहिलं, तर ती वाहतूक कोंडी नव्हतीच. दुसऱ्या दिवसापासून भाव पुन्हा वाढणार अशी बातमी दुपारीच फुटली होती आणि आम्ही पाऊण तास पेट्रोल पंपाच्या रांगेत उभे होतो. पुढे फक्त तीन गाड्या होत्या. ती बातमी आमच्याच कचेरीतून फुटली होती, आणि आम्ही तिघेही बातमीवाले पैजेच्या नादात बाहेर पडलेलो!

एकूण अंतर साडेसात किलोमीटर. मी गप्प बसायची मनाची तयारी करत होतो. पण फोटोग्राफर आणि उपसंपादकांनी गाडी ढकलत पंपापाशी नेली (मी स्टिअरिंग धरून होतो, ते काम कमी समजू नकोस), जुन्या भावाने टाकी काठोकाठ भरली, आणि मागे वळून पाहतो तर रांग पुलाच्या पलीकडे नजर पोचेल तिथवर. फोटोग्राफरने मला तिथेच मिठी मारली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या कचेरीत सांगत सुटला, की यांना भाववाढ आधीच कळली होती, म्हणून यांनी मला बरोबर वेळेवर रांगेत नेऊन उभं केलं. मी खुलासा केला नाही. आता माझ्या टेबलाभोवती पूर्वीच्या दुप्पट माणसं जमतात.

आता मुद्द्याचं. रविवारी तुझ्या थोरल्याचा फोन आला. तू मागच्या महिन्यात शेजाऱ्यांच्या उभ्या गाडीचा आरसा उडवलास, हे त्याच्याकडूनच कळलं. तो काळजीत आहे, आत्या, रागात नाही. म्हणाला, पेट्रोलचे हे भाव, तिचं वय एकाहत्तर, जायचं कुठे तर वाचनालय आणि भाजी. गाडी विकायलाच हवी. आणि मग म्हणाला, “तशी तरुणपणीही तिची चालवण्याची पद्धत धड कुठे होती म्हणा! रुग्णालयाच्या चादरींचं आठवतंय ना?”

मी उभा होतो तो खाली बसलो. म्हटलं, “ती मी नेली होती.”

“काय?”

“गाडी. चादरींतून. तुझ्या आईने दोष स्वतःवर घेतला.”

मग म्हणाला, “म्हणजे तुला गाडी येत नाही?”

“येते,” मी म्हणालो. “मंगळवारपासून.”

त्याला धक्का बसला खरा, पण त्याने आपलं म्हणणं सोडलं नाही. म्हणाला, काहीही असो, घराण्यात मोटारीतलं तुलाच कळतं आणि आई तुझंच ऐकते, तेव्हा तूच तिला लिही. मी शब्द दिला. तर दिलेल्या शब्दाप्रमाणे आणि मोटार उद्योगाच्या बावीस वर्षांच्या अभ्यासावरून माझा विचारपूर्वक सल्ला असा, की आत्या, तू गाडी विकावीस. जुन्या गाड्यांना सध्या बरी मागणी आहे, सुटे भाग मिळेनासे झाले आहेत आणि बसचा थांबा तुझ्या घरासमोरच आहे. हे पत्र थोरल्याला जरूर वाचून दाखव.

लहानांना आशीर्वाद, मोठी तर आता तूच उरलीस, म्हणून पुन्हा एकदा कागदावरचाच नमस्कार.

तुझा आज्ञाधारक भाचा

ता. क. : हा कागद वेगळा आहे. तो थोरल्याला दाखवू नकोस. गाडी अजिबात विकू नकोस. तू तीस वर्षं त्या गाडीतून रात्री-अपरात्री बाळंतिणींकडे गेलीस. तेव्हा पेट्रोल स्वस्त होतं म्हणून गेली नव्हतीस.

ता. क. दुसरा : पण आरसा उडाला ही गोष्ट मी हसण्यावारी नेत नाही. तुमच्या गावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे शनिवारी अकराची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. रागाव, पण चल. त्यांनी ‘चालवा’ म्हटलं तर तू चालव, मी शेजारी बसून मोटार उद्योगावर बोलेन. ‘नको’ म्हटलं तर मी चालवेन आणि तू शेजारी बसून ओरड. ब्रेकबाई म्हणतात, मला अजून शंभर तास सराव हवा आणि न घाबरणारं माणूस शेजारी हवं. असं माणूस मला एकच माहीत आहे. तुझे डोळे आणि माझे पाय, दोन्ही थोडे थोडे शंकास्पद असले तरी आपल्या दोघांत मिळून एक पुरता ड्रायव्हर निघेल असा माझा हिशेब आहे. वाचनालय आणि भाजी कुठे पळून जात नाहीत, पण मुळात तुला तिकडे जाता यायला हवं, आणि ते मी बघेन.

ता. क. तिसरा : फोटोग्राफरने शनिवारपुरती त्याची गाडी देऊ केली आहे (टाकी अजून अर्धी आहे), तेव्हा मी बसने येणार नाही, चालवत येणार आहे. तुझ्या घराचं फाटक आत उघडतं की बाहेर, ते उलट टपाली कळव. उघडंच ठेवलंस तर फार चांगलं. काढून ठेवता आलं तर सगळ्यात चांगलं.