समुद्राला थांबायला सांगणारं पुस्तक

३ जून
लायब्ररीच्या ज्येष्ठ वाचक मंडळाने फतवा काढलाय. महिनाअखेरच्या बैठकीत प्रत्येकाने एक पहिली ओळ म्हणायची, लहानपणी आपल्याला घडवणाऱ्या पुस्तकाची. दातांचे निवृत्त डॉक्टर आत्तापासूनच घसा साफ करत फिरताहेत. फिरू देत. माझ्या ओळीपुढे सगळ्यांची बोलती बंद होणार आहे.

‘समुद्र दाराशी आला तेव्हा आईचे हात पिठात होते, म्हणून तिने त्याला जरा थांबायला सांगितलं.’

आहे कुणाकडे असली ओळ? दादाला शाळेत बक्षीस मिळालेलं निळं पुस्तक. मला वाचता येत नव्हतं तेव्हा आई अंथरुणात वाचून दाखवायची. पुस्तक इंग्रजी, पण ती सरळ मराठीत सांगत जायची. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनाही ते जमलं नसतं.

समुद्र थांबला की नाही, ते आठवत नाही. नोकरीच्या धबडग्यात पुन्हा वाचायचं राहून गेलं. आता बैठकीआधी पुस्तक मिळवून अथपासून इतिपर्यंत वाचणार. ठरलं.

७ जून
लायब्ररियन मुलीने पुस्तक मागवून दिलं. नाव तेच, मुखपृष्ठावरचा समुद्र तोच. पहिली ओळ: ‘जहाजांचे मुख्यतः तीन प्रकार असतात.’

काय हा निर्लज्जपणा! नव्या एडिशनमधून अख्खी गोष्ट उडवली. मुलगी म्हणाली, मॅडम, हे पहिल्यापासून माहितीचंच पुस्तक आहे. मी म्हटलं, तू होतीस का पहिल्यापासून?

८ जून
प्रकाशकाला ईमेल. भाषा सौम्य ठेवली. ‘दरोडा’ हा शब्द एकदाच वापरला.

१५ जून
उत्तर आलं. आपल्या स्नेहाबद्दल आभार, सोबत जहाजांच्या पोस्टरवर सवलत. मूर्ख.

दादाला फोन करणार नाही. त्याला वाटतं, मी भांडणं उकरून काढते.

१९ जून, संध्याकाळ
मिळालं! जुन्या पुस्तकांच्या दुकानात, दादाच्या वेळचीच प्रत. दुकानदार म्हणाला, आजी, पिशवी देऊ का? आजी म्हणे! वाटेत उघडलं नाही. चहा करून, चष्मा पुसून, खुर्चीत बसून वाचणार.

नंतर
जहाजांचे मुख्यतः तीन प्रकार असतात.

२० जून
केला दादाला फोन. विचारलं, तुझ्या पुस्तकातली गोष्ट कुणी चोरली? तो आधी हसला. मग हसायचा थांबला. म्हणाला, अगं चिमे, आईला सही करतानाही घाम फुटायचा, इंग्रजी कुठलं आलंय? पुस्तक मांडीवर धरून, चित्रं बघत ती मनचं सांगायची. मला दम भरला होता, हिला बोललास तर बघ. तू एवढी शिकलीस, तुला केव्हाच कळलं असेल असं मी धरून चाललो.

मी म्हटलं, कळलं होतंच.

मग विचारलं, समुद्राचं पुढे काय झालं? तो म्हणाला, पुढे काही नसायचंच गं. तुला पहिल्याच वाक्याला झोप लागायची. मग ती पुस्तक मिटून भांडी घासायला जायची.

खोटं. पुढे होतं. तिने ठरवून ठेवलेलं असणार. आई कुठलंच काम अर्धवट सोडायची नाही.

३० जून
गेले बैठकीला. ओळ म्हटली. शांतता पसरली, हे मान्य करावंच लागेल. कुणीतरी लेखकाचं नाव विचारलं. आईचं पूर्ण नाव सांगितलं. दातांचे डॉक्टर मान डोलावत म्हणाले, हो हो, यांचं वाचलंय मी, हेही वाचलंय.

फटकारायला तोंड उघडलं होतं. पण विचारलं भलतंच. म्हटलं, मग सांगा ना, समुद्र थांबला का?

खरंच वाटलं मला, यांना ठाऊक असेल.

ते छताकडे बघत राहिले. म्हणाले, फार वर्षं झाली हो बाई, शेवट काही आठवत नाही.

मलाही, म्हटलं, आणि खाली बसले.