फाटेल असं कापड

अत-बाशी,
१२ जून

चि. मायराम हिस,
अ. उ. आ.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि वर तुझ्या शिवणयंत्रांचा खडखडाट. म्हणून पत्र. कागद मध्येच तोंड घालत नाही.

एसेनबेकच्या व्हॅनमधून पोतं पाठवलंय. तू मागितल्यास तशा सहा जुन्या गोधड्या त्यात आहेत. मी फक्त शेजारच्या बाईला सांगितलं होतं. धारा काढून होईपर्यंत दारात बारा बायका उभ्या. सासूच्या, आजेसासूच्या हातच्या गोधड्या द्यायच्या आणि आलेल्या पैशात दोर्दोय बाजारातली वाघाच्या चित्राची पांघरुणं आणायची, असा सगळ्यांचा बेत. त्यांना मी बोलले असते, पण एक वाघ माझ्याही घरात येऊन बसलाय. हलका आहे, लवकर वाळतो, गुडघ्यांना ऊब देतो.

तू म्हणतेस, परदेशातल्या बायकांना आता कपडे फेकायची लाज वाटायला लागली आहे, म्हणून त्या आपल्या गोधड्यांचे कोट विकत घेणार. त्या फेकतात, त्यांचे गठ्ठे आपल्या बाजारात येतात, आपण ते अंगावर घालतो; आणि लाज वाटली की आपली अंथरुणं त्या अंगावर घालणार. हा कसला धंदा, मला कळत नाही. पण तुझ्या दहा बायकांच्या हाताला काम मिळतंय, तर मिळू दे.

आता नीट वाच. त्या सहांच्या मधोमध सातवी आहे, ती आपाची, आपल्या आईची. ती कोटासाठी नाही. आईचं कापड एकटं, उघडं रस्त्याला लावत नाहीत, म्हणून आत गुंडाळून पाठवली. चारही कोपऱ्यांना लाल दोरा बांधलाय. आतली लोकर गोळा झाली आहे, अस्तर विरलंय. तुझ्या जाड कापडाच्या यंत्रावर नवं अस्तर लावून दे. जारकिन अठ्ठावीस सप्टेंबरला सासरी जाईल तेव्हा तिच्या पेटीत सगळ्यात वर हीच गोधडी ठेवायची, असं आपानेच सांगून ठेवलं होतं. नातीच्या लग्नात मला दुसरं काही नको. चाळीस वर्षं आपा या खोऱ्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या मयताला गेली आणि तिथला जीर्तिश, दारात फाडून वाटतात तो कापडाचा तुकडा, हातात घेऊन आली. ऐंशी-नव्वद वर्षं जगलेल्यांचे ते तुकडे. पोरीच्या अंगावर तेवढं आयुष्य पांघरायचंय.

वाळवलेल्या दह्याचं कुरुत पाठवलंय, सगळं तुझ्या त्या कापड कापणाऱ्या बरमेतला देऊन टाकू नकोस. थोरल्या बहिणीवर आहे तो लोभ फोनबाहेरही दिसू दे.

तुझी एजे,
उलकान

---

बिश्केक,
९ ऑगस्ट

ती. उलकान एजे हिस,
सप्रेम सलाम, वि. वि.

कुरुत पोचलं, आणि बरमेतला मी मोजून तीनच दिले. तिने कातर खाली ठेवून तुझं नाव घेत खाल्ले.

माल गेला, एजे. सगळाच्या सगळा. खरेदीवाल्या बाई स्वतः आल्या होत्या. गोधडीत नाक खुपसून त्यांनी डोळे पुसले आणि धुऊ नका, हा वास राहू द्या, म्हणाल्या. तो कोकरांचा वास आहे हे मी काही बोलले नाही. प्रत्येक कोटाला त्यांनी एक पुठ्ठ्याची चिठ्ठी लावली आहे: ह्या कोटाने पृथ्वीवरचा एवढा कचरा वाचवला. आता पुढच्या वर्षी दुप्पट कोट हवेत. एवढी जुनी कापडं कुठून आणू, असं विचारलं तर म्हणाल्या, नवी घेऊन जुनी करा, दगड घालून धुतली की होतात. तू असतीस तर बाईंना विमानतळापर्यंत पायी पाठवलं असतंस.

गोधडी अस्तर लावून पाठवते आहे. धुवावी लागली म्हणून रंग जरा वेगळा वाटेल आणि अंगही थोडं घट्ट झालंय. तू चष्मा लावून बघू नकोस म्हणजे झालं. लग्नाआधी दोन दिवस येते. जारकिनसाठी बूट आणते, माप कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मायराम

---

अत-बाशी,
२० ऑगस्ट

मायराम,

आज आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

गोधडी आली त्या दिवशी मी खरंच चष्मा लावला नाही. हाताने चाचपली. नक्षी तीच, तुकड्यांची जागाही तीच. तू मागे काढलेल्या फोटोवरून एकेक उतरवला असशील. चार दिवस मी स्वतःला समजावलं, की धुतल्यामुळे अशी झाली, अस्तरामुळे जड वाटते. जारकिन म्हणाली, आज्जी, हिला आपल्या घराचा वास नाही. तिला मी गप्प केलं.

काल कोपऱ्याची शिवण उसवली. मग दुसरी उसवली. मग बसून अख्खी ओळ उसवली. प्रत्येक तुकड्याची कड सरळ, सुरीने लोणी कापावं तशी. मायराम, जीर्तिश कापत नाहीत. मयताच्या दारात म्हाताऱ्या बायका कापड दातांनी चिमटा काढून हाताने फाडतात, कातरीला कोणी हात लावत नाही. लग्न झालेल्या बाईला हे सांगावं लागतं का? आपाच्या गोधडीतल्या एकेका तुकड्याला दशा होत्या. लहानपणी त्या दशा ओढल्या म्हणून तूच मार खाल्ला होतास. नक्षी उतरवलीस, डाग उतरवलास, चहाचाही डाग पाडलास. कडा उतरवायच्या विसरलीस, कारण तुला कातरीशिवाय आता दुसरं काही सुचत नाही.

खोटी गोधडी तू पोरीच्या लग्नाच्या पेटीत घालायला निघाली होतीस. विकत घेणाऱ्या बाईला फसव, ती फसवून घ्यायलाच आली आहे. पण पांघरायला आजीआजोबांचं आयुष्य म्हणून दगडाने धुतलेलं थान? तुझी जीभ कशी वळली, विमानतळाचा विनोद करताना?

एसेनबेकबरोबर ते धूड परत पाठवलंय. दुकानात टांग. चिठ्ठीही लाव, पृथ्वी वाचव.

आणि एक. मी एकाहत्तरची झाले. जारकिनला सांगून ठेवलंय: मी गेले की दारात जे काही फाडतील, त्यातला तुकडा तुझ्या हातात द्यायचा नाही.

लोभाचं काही लिहीत नाही.

उलकान

---

बिश्केक,
२७ ऑगस्ट

ती. उलकान एजे हिस,
सलाम घे किंवा नको घेऊस, मी लिहिते.

बरमेतला काही बोलू नकोस. तिला लाल दोऱ्याचं काय ठाऊक, ती शहरातली. तिने अर्धी गोधडी कापली तेव्हा मी टेबलापाशी आले आणि कोपऱ्यातलं तपकिरी मखमल ओळखलं. तिला थांबवता आलं असतं. उरलेली अर्धी वाचली असती. पण तीन कोट कमी पडत होते, परवा माल जायचा होता, आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. उरलेलीही कापू दिली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. खोटी गोधडी शिवताना रोज वाटायचं, आज एजेला फोन करू.

आता माझंही ऐक. शिव्या दे, पण खऱ्या हिशेबाने दे. पोतं मी नाही भरलं. बारा बायकांच्या गोधड्यांतून सहा निवडून मला पाठवल्यास, त्यांतही कोणाकोणाच्या आयांनी आणलेले जीर्तिश होते. ते कापले तेव्हा तुझा जीव कळवळला नाही. तेव्हा गुडघ्यावर वाघ होता.

आणि आपाच्या मयताला लोकांना काय वाटलंस ते आठव. त्र्याण्णव वर्षांची आपा गेली, आणि तू नायलॉनचे चकचकीत रुमाल आणलेस, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, लोकांनी मुलींना चिकट म्हणू नये म्हणून. एकही बाई ते गोधडीत शिवू शकली नाही. म्हाताऱ्या बायका आपसात बोलत होत्या, आता काय फाडायचं? मीच मागच्या खोलीत जाऊन आपाची मखमली बंडी फाडली आणि एक तुकडा त्या कोपऱ्यात शिवला. आपाच्या गोधडीत आपाचं म्हणून जे काही होतं ते मी शिवलेलं होतं, एजे. आणि मीच ते कापू दिलं. तू मला याहून मोठी शिक्षा काय देणार आहेस?

तुझ्या मयताचा तुकडा मला नको असेल तर नको. पण असलं पुन्हा लिहू नकोस, मी दोन दिवस जेवले नाही.

रागाच्या तळाशी काही उरलं असेल तर तेवढं राहू दे.

मायराम

---

बिश्केक,
१८ सप्टेंबर

ती. एजे हिस,
सलाम, वि. वि.

तुझं पत्र नाही, फोन उचलत नाहीस. जारकिनने एवढंच कळवलं की तू जेवतेस.

पार्सल उघड. आपाच्या गोधडीचे तीन कोट झाले होते, त्यातला एक गिऱ्हाइकाने परत केला. कारण काय, तर रंग फोटोतल्यासारखा नाही. परत आलेला माल खरेदीवाल्या बाई ठेवत नाहीत. पुन्हा घडी घालण्यापेक्षा चिंध्या करून टाकणं त्यांना स्वस्त पडतं. पृथ्वी वाचवणाऱ्या चिठ्ठीसकट. मी भांडले, पाठवणीचा खर्च मी देते म्हटलं, तेव्हा तो आला. आपाला कोणीतरी आरशासमोर एकदा घालून बघितलं, आणि नको म्हणाली.

कोट मी हाताने उसवलाय. तेवीस तुकडे निघाले. बाहेरच्या कडा कातरीच्या आहेत, पण तेवीसपैकी चौदा तुकड्यांची एक तरी कड अजून फाटलेली आहे, दशा तशाच आहेत. मखमल यात नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी बाहीवर आहे, आणि कोणाच्या ते मला कळणार नाही.

बाईंना पुढच्या वर्षीचं काम नाही म्हणून कळवलं. बरमेत रागावली आहे. तिचंही बरोबर आहे, दहा घरं चालतात यावर.

लग्नाला येऊ की नको, तेवढं लिही.

मायराम

---

अत-बाशी,
२२ सप्टेंबर

चि. मायराम हिस,

आशीर्वाद अर्धाच देते, कारण राग अजून गेलेला नाही आणि जायचाही नाही. फोन करणार नाही.

तेवीस तुकडे मिळाले. पाटावर मांडले. पोरीची उशी झाकेल एवढंच होतंय. म्हटलं, खोऱ्यातून थोडे जमवू, गोधडी नाही तर निदान पाळण्यावर घालायला होईल. चार घरं फिरले. चौघींनीही सांगितलं, आमचे तर तुमच्याच पोत्यात गेले. एकीने वर विचारलं, मायराम आता भाव काय देते? तिला मी बोलायला हवं होतं. पण तिच्याही ओट्यावर माझ्यासारखाच वाघ पसरलेला होता.

घरी आले आणि वाघालाच धरला. म्हटलं, माझं पांघरूण आहे, माझा एक तुकडा यात जाऊ दे. दातांनी चिमटा काढला, दोन्ही हातांनी ओढलं. ताणत गेलं, लांब झालं, सोडल्यावर पुन्हा होतं तसं. जारकिनने दुसरं टोक धरलं. फाटलं नाही. मग पेटी उघडली. माझ्या मयताला वाटायला मी काढून ठेवलेले अकरा पोशाख, रुमालांची थप्पी, गाद्यांच्या खोळी, सगळं चमकतं. एकेक ओढून बघितलं. मायराम, माझ्या घरात फाटेल असं काहीच नाही.

मागच्या महिन्यात मी तुला धमकी दिली होती, माझा तुकडा देणार नाही म्हणून. कोणता तुकडा देणार होते? मी गेले तर दारात म्हाताऱ्या बायका पुन्हा एकमेकींकडे बघत उभ्या राहतील, आणि या वेळी मागच्या खोलीत आपाची बंडीही नाही.

लग्नाला ये. बूट सदतिसाचे आण. येताना बाजारातून सुती कापडाचं एक थान आण, साधं, पांढरं चालेल, आणि दुकानातच कोपरा ओढून फाटतंय का बघून घे. लग्नासाठी नको. ते माझ्या पेटीत तळाशी ठेवायचंय. वेळ आली की पहिला तुकडा तू फाड, तुझ्या हाताला सवय आहे. कातर मात्र घरी ठेवून ये.

तुझी एजे,
उलकान