आण्णांच्या अंतर्मनासाठी दोन हत्ती

२ मे
श्रीगोंद्याच्या पाहुण्यांनी मला पसंत केलं. आण्णांनी विचारलं, "तुझ्या मनात काय हाय ते सांग, बाई." गप्प राहिले. मुद्दाम. मनात नगरला जाऊन एम.ए. करायचं आहे. पण ऑनलाइन कोर्समध्ये शिकवलंय, थेट शब्दांना माणूस विरोध करतो, चित्रं सरळ अंतर्मनात उतरतात. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी. भांडणार नाही.

५ मे
दाराशेजारच्या भिंतीला चुना दिला. आण्णा रोज समोरच बसून चहा पितात. डोळे मिटले, सुचेल ते काढायला घेतलं. दोन हत्ती : दडलेली ताकद. मध्ये कलश : खोल मन. बाजूला केळी : वाढ. आपोआप सुचलं. आपोआप येतं तेच खरं.

८ मे, सकाळी
चित्र पूर्ण. आण्णा बघतच राहिले. डोळे भरले. चहा गार झाला. विरोध वितळतोय!

९ मे
शेजारची कडूबाई म्हणाली, "अगं, आमाला न सांगताच? कधीची धरली तारीख?" तिला समजावलं, काकू, ही प्रतीकं आहेत. म्हणाली, "व्हय व्हय. आमी बी अशाच लाजायचो." या गावाचं काही होणार नाही.

१० मे
आण्णा फोनवर : "पोरीनं तोंडानं न्हाई सांगितलं, पन भितीवर काढून दावलं." बहुतेक नगरला, सावेडीच्या मामांना, माझ्या राहण्यासाठी. एम.ए.चा फॉर्म भरला.

१४ मे
फोन श्रीगोंद्याला होता. आज सुपारी फुटली. हत्ती, कलश, केळी लग्नघराच्याच भिंतीवर काढतात; मुलीने स्वतः काढले म्हणजे होकार, असं सगळे धरून चालले. आईला म्हटलं, मला लग्न नकोय. ती म्हणाली, "इचारलं तवा मुकी झालतीस. आता चौघांत त्येंची मान खाली घालू नगंस." आण्णा पेढे वाटत होते. त्यांच्याशी उद्या बोलेन.

१५ मे
योग्य वेळ नव्हती.

१७ मे
आण्णांसाठी दुसरं चित्र काढावं का? रेखाटन केलं. पुन्हा हत्तीच आला.

२१ मे
वैजनाथ पेंटर कलशाखाली नावं लिहायला आला. चि. सौ. कां. संस्कृती. पुढे बी.ए. लिहू का, त्याने विचारलं. आण्णा म्हणाले, "लिव्ह की! त्यासाठीच तर शिकवली."
मी म्हटलं, कंसात मानसशास्त्र पण लिहा.
म्हणाला, "ताई, जागा न्हाई. हत्ती लई मोठं काढलं तुमी."