दोन मारुती आणि एक जून

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार. बारामती.

एक कोडे बरेच दिवस छळते आहे. या भागात राहणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी पडले असणार. आपल्याकडची इतकी वडीलधारी माणसे एक जूनलाच कशी जन्मली?

आज ते ठळकपणे समोर आले. रुग्णालयातील सर्व रुग्णांच्या नोंदी जुन्या डेटाबेसमधून (यापुढे जु.) नव्या डेटाबेसमध्ये (न.) न्यायच्या आहेत. कॉलेजात हाच विषय शिकवतो, म्हणून काम माझ्याकडे आले. त्यापूर्वी प्रत्येक रकाना नजरेखालून घालावा, हा माझा नेम. जन्मतारखेच्या रकान्याशी आलो. एक जून, एक जून, पुन्हा एक जून.

नोंदणीच्या खिडकीवरच्या सुमनताई कन्हेरी गावच्या. त्यांना दाखवले तर हसल्याच. "आवो सर, आमच्या आबांची बी तीच हाय. शाळा जूनमदी उघडायची. मास्तर पोरं गोळा करायचं. हात डोक्यावरनं पलीकडच्या कानाला लागला की पोरगं सा वर्साचं. लिव्हा एक जून! मेंढरामागं हिंडनाऱ्या आईला तारीख कुठली ठावं?"

काय सुंदर उलगडा! म्हणजे ही तारीख जन्माची नव्हेच, शाळेच्या दाराची आहे. दुपारभर उगीचच प्रसन्न होतो.

५ नोव्हें., बुध.

चाचणीचे पहिले स्थलांतर. न. ने काही ओळी नाकारल्या.

कारण स्वतःसाठी नीट मांडून ठेवतो. आमच्याकडे केसपेपरचा क्रमांक दर वर्षी पुन्हा एकपासून सुरू होतो, त्यामुळे माणसाची ओळख म्हणून तो निरुपयोगी. म्हणून न. ची रचना करणाऱ्या पुण्याच्या अभियंत्याने ओळख ठरवली ती पूर्ण नाव, गाव व जन्मतारीख एकत्र करून. हे सारे जुळले की माणूस एकच, असे न. मानतो आणि दुसरी ओळ आत घेत नाही. जु. ला असली शिस्त नव्हती. जे येईल ते निमूटपणे लिहून घ्यायचा.

अभियंता फोनवर: "डुप्लिकेट आहेत, सर. सगळीकडे निघतात. सोडून द्या."

रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टरसाहेबही घाईत. "सोमवारी नव्यावर काम सुरू व्हायलाच हवं. एवढ्याशा ओळींसाठी अडून बसणार का?"

बसणार. एकेक ओळ पाहिल्याशिवाय

(जेवणाची हाक आली.)

६ नोव्हें., गुरु.

नाकारलेल्या ओळी वाचल्या. बहुतेक खरोखरच दुहेरी. पत्ता तोच, आजार तोच, टंकताना दोनदा गेलेल्या. अभियंत्याचे बरोबर होते, असे म्हणणार, तोच यादीत कळस गावचे मारुती खंडू गावडे आले. दोन ओळी. जन्म दोन्हीकडे १ जून १९४०.

पहिल्या ओळीत: औषधांची ॲलर्जी नाही.
दुसऱ्या ओळीत: पेनिसिलिन चालत नाही.

नाकारली गेली ती दुसरी. आणि येत्या मंगळवारी मारुती खंडू गावडे यांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरलेले आहे.

सुमनताईंना विचारले. "त्ये व्हय? एक माळावरचा, एक विहिरीवरचा. भावकीतलंच. मी इचारून घेते आन् तशी वरची न्हायतर खालची ओळ उघडते." म्हणजे जु. मध्ये दोन जित्या माणसांतला फरक केवळ ओळीच्या जागेत साठवलेला होता! न. मध्ये ओळींना ठरलेली जागाच नसते. मागाल त्या क्रमाने त्या येतात. तेव्हा दुसरी ओळ वाचवली तरी भागणार नाही.

हेही कळले की तिन्ही खुणा मिळूनही का फसतात. गाव एक, भावकी एक म्हणून नाव एक. शाळा एक, मास्तर एक म्हणून तारीख एक. तीन साक्षीदार वाटतात, पण तिघेही एकाच घरचे.

दोन्ही ओळी छापून डॉ. ना नेऊन दिल्या. त्यांनी त्या दोनदा वाचल्या.

"ऑपरेशन यांतल्या कुणाचं आहे?"

"तेच कुठे लिहिलेलं नाही, साहेब."

"सोमवार गेला तरी चालेल. आधी हे."

८ नोव्हें., शनि.

कळसला निरोप धाडला होता. दोघेही एकाच मोटारसायकलवर बसून आले! मी विचारले, "मारुती खंडू गावडे कोण?" दोघांचे हात वर.

सुमनताई: "दोगंबी तात्याच. आता हाक तरी कशी मारू?"

माळावरचे: "मला तात्या म्हना, ह्येला नुसतं मारुती."

विहिरीवरचे भडकले. "आरं जा! सायेब, ह्येच्या लग्नाची पत्रिका चुकून माज्या घरी आली. नवरदेव म्हनून माजंच नाव! बायकू कुनाकडनं तरी वाचून घिऊन थेट म्हायारी निगाली. ह्यो हसतोय आजून."

हसू आवरेना, तरी मुद्द्यावर आलो. सुईचा त्रास कुणाला?

"मला," माळावरचे म्हणाले. "मागं सुई दिली तर त्वांड सुजून भोपळा झालं. जीव जायाचाच राह्यला."

"आणि ऑपरेशन?"

"त्ये बी माजंच की."

 डॉ. नी स्वतःच्या हाताने केसपेपरवर लाल शाईने लिहिले: पेनिसिलिन नाही.

उपाय कालच ठरवला होता: प्रत्येक माणसाला न. मध्ये एक कायमचा क्रमांक, जो नावावरून बनत नाही, गावावरून नाही, तारखेवरून नाही. त्याला अर्थ नाही, म्हणूनच तो खोटा पडू शकत नाही. दोघांना त्याची कार्डे दिली.

माळावरचे कार्ड उलटेपालटे करत: "आमी मेंढरांच्या कानाला खून करायचो. आता आमाला व्हय?"

सुमनताई: "कान न्हाय कापत तात्या, नुसता कागद हाय. हरवू नगा म्हंजे झालं."

१० नोव्हें., सोम.

झाले! सर्व नोंदी न. मध्ये. खऱ्या दुहेरी ओळी हाताने जोडल्या, उरलेली प्रत्येक ओळ आत गेली. त्या वजा करून जु. व न. मधली रुग्णसंख्या गावागावाने पडताळली: जळोची जुळले, कन्हेरी जुळले, कळस जुळले. कळस दोनदा पाहिले, केवळ आनंदासाठी. आणि सोमवारही हुकला नाही!

पुण्याच्या अभियंत्याला सगळे समजावून सांगितले. मनमोकळेपणाने म्हणाला, "सर, हा क्रमांक मी पुढच्या प्रत्येक कामात घालणार." डॉ. नी पेढे मागवले. वर्षानुवर्षे वर्गात शिकवलेली गोष्ट आज एका माणसाच्या अंगाला लागू पडली. एवढा आनंद पदवी हाती आली तेव्हाही झाला नव्हता.

१२ नोव्हें., बुध.

काल ऑपरेशन नीट पार पडले. पेनिसिलिन दिले नाही. तात्या आज उठून बसले. उशाशी विहिरीवरचे. नर्सने औषधासाठी नाव पुकारले, तर हे "व्हय" म्हणून गोळ्या घ्यायला पुढे! तिने कार्ड मागितले. परत जागेवर.

१५ नोव्हें., शनि.

आमच्या इंदापूर उपकेंद्राच्या नोंदी आल्या. नाव, गाव, तारीख जुळणारी ओळींची जोडी एकही नाही. डॉ. खूश: "वा, इंदापूरकर शिस्तीचे!"

मला ती शांतता खटकली. तिकडेही तेच मास्तर, तोच जून महिना. मग जोड्या गेल्या कुठे? कदाचित खिडकीवर नाव आधीच दिसले की नव्या माणसाची भेटही त्याच ओळीत लिहिली गेली असेल. एका माणसाच्या दोन ओळी झाल्या तर यंत्र ओरडते. दोन माणसे एका ओळीत शिरली तर ते गप्प बसते.

त्यावर एक चाचणी सुचली. एका ओळीतील सर्व भेटींचे रक्तगट काढायचे. आज चालवली. एक नाव बाहेर आले: सखूबाई, एका भेटीत बी, दुसऱ्या भेटीत ओ. चूक प्रयोगशाळेची असेल, किंवा सखूबाई दोन असतील. सोमवारी इंदापूरला जाऊन पाहणार.

चाचणी इतकी सोपी आहे की ती कुणालाही घरी करता येईल. आपल्या नावाचे असतील नसतील तेवढे जुने रिपोर्ट काढावेत आणि प्रत्येकावरचा रक्तगट पाहावा. सगळीकडे तोच असला पाहिजे. एखादा वेगळा निघालाच, तर तपासणी पुन्हा करून घ्यावी. आणि आपला गट बाकीच्या रिपोर्टांवरचाच आला, तर तो वेगळा रिपोर्ट दुसऱ्याचाही असू शकतो; आपल्या नावाचे आणखी कोण त्या दवाखान्यात येते, हे खिडकीवर विचारावे.