लाल ताऱ्याची जोडी

मंगळवार, ५ फेब्रुवारी
सगळं बदललं ते आज, चष्मेवाल्या काकांच्या गच्चीवर. दुर्बिणीचं झाकण काढता काढता काका म्हणाले, "लाल तारा तुम्ही दोघं सांभाळा." दोघं — म्हणजे मी आणि ती! ती दवाखान्यात रक्त तपासते. माझ्याशी कामापुरतं बोलते. मी कॉलेज अर्धवट सोडलेला, घरात सगळ्यांच्या डोळ्यांत सलणारा. आणि तरी — जोडी!
हा तारा तेज बदलतो. शेजारचे दोन बदलत नाहीत: तेजस्वी तो थोरला, मंद तो धाकटा. त्यांच्या मानानं आपला किती तेजस्वी दिसतो, ते एकेकानं काकांच्या कानात सांगायचं. एकमेकांपाशी अवाक्षर नाही. दोघांचे अंदाज काका वहीत लिहून मग वाचून दाखवणार; ते जुळले पाहिजेत.

शनिवार, ९ फेब्रुवारी
आजही जुळलं नाही. मी म्हणतो थोरल्याच्या जवळ, ती म्हणते धाकट्याइतकाच. काका म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघतो. नाहीतर जोडी मोडली." डोकंच फिरलं माझं. तिच्यावर ओरडलो — "डोळे आहेत की बटणं?" ती चष्मा पुसत राहिली. "तापला आमचा बंब," काका म्हणाले. गच्चीचं दार आपटून निघालो.
घरी आलो, तिथलंही आपटलं. आई आतून — "कॉलेजातूनही असाच आलास!"

रविवार, १० फेब्रुवारी
माफी मागणार होतो. ढग. कुणीच आलं नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी
काकांनी मला बाजूला घेतलं. "टक लावून बघतोस ना?"
"मग काय डोळे मिटून बघू?"
"अरे बंबा, लाल ताऱ्याकडे बघत बसलं की तो उजळतच जातो. डोळ्यांचा खेळ आहे सगळा. नजर टाकायची, लगेच काढायची."
तसं केलं. धाकट्याइतकाच! म्हणजे तीच बरोबर. पहिल्यापासून!

शुक्रवार, १५ फेब्रुवारी
काकांच्या कानात सांगितलं — धाकट्याइतका. आता जुळणारच! मग ती वाकली, सांगून आली. काका आळीपाळीनं आमच्याकडे बघत बसले. "आता हिचा थोरल्याजवळ गेला!"
माझ्यासाठी! जोडी राहावी म्हणून तेज वाढवून सांगितलं तिनं! जिन्यात गाठलं. "का गं वाढवलंस?" मला तर हसू आवरत नव्हतं.
ती एक पायरी मागे सरकली.
"तू परत ओरडू नयेस म्हणून."

शनिवार, १६ फेब्रुवारी
काकांना म्हणालो, "तारा तिच्याकडे राहू द्या. कालचा सोडला तर तिचे सगळे अंदाज बरोबर आहेत. माझे खोडा." ती दुर्बिणीपाशी होती. तिच्याकडे एकदाच बघितलं आणि निघालो. गच्चीचं दार हळूच ओढून घेतलं.