हौदातला नगराध्यक्ष

मंगळवार, ६ ऑगस्ट

आधी एक दुरुस्ती. रविवारच्या नोंदीत मी लिहिलंय की हौदातली औषधाची पुरचुंडी ‘विरघळून गेली’. हे बरोबर नाही. पुरचुंडी विरघळत नाही. ती मी काढली. धुतली, वाळवली आणि साबणाच्या जुन्या डब्यात ठेवली.

अकराव्या वर्षापर्यंत आईनं मला घरीच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तिचे दोन नियम होते. चूक खोडून काढायची नाही, तिच्यावर एक रेघ मारायची, म्हणजे चूकही वाचता येते. आणि पेन्सिलीनं लिहिलं म्हणजे अजून ठरलेलं नाही. ठरलं की शाई. ही नोंद शाईनं.

पुरचुंडी काढण्याचं कारण असं. गुरुवारी शाळेची नवी परदेशी शिक्षिका आमच्याकडे राहायला येते आहे. आयर्लंडची. नळाला पाणी आठवड्यातून दोनदा, म्हणजे ती दात घासणार ते अंगणातल्या हौदाच्याच पाण्यानं. त्या पाण्यात अळ्या मारायचं औषध. आरोग्य खात्याचा माणूस म्हणतो, माणसाला काही होत नाही. पण त्यानं ते आपल्या माणसांवर पाहिलंय. परदेशी शिक्षकांसाठी आरोग्याच्या सूचना शाळेत मीच लिहिते. बारा कलमं आहेत, मुख्याध्यापिका ओंदिनाबाईंनी त्यातला एक शब्द बदललेला नाही. कलम चार: ‘पाहुण्याच्या पोटाचा विचार प्रथम.’ स्वतःचं कलम स्वतः मोडू?

पुरचुंडीऐवजी ओढ्यातला मासा आणून सोडलाय. अळ्या खातो. पुष्कळ घरी ठेवतात.

आईनं विचारलं, पुरचुंडी असताना मासा कशाला? म्हटलं, जादा बंदोबस्त. हे खोटं नाही. अपुरं आहे.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

आली. नुआला नाव. उंच, केस गाजराच्या रंगाचे. दारात तिचा पाय खुर्चीला लागला तर खुर्चीची माफी मागितली. आई खूश, कारण ती रोज रात्री जपमाळ ओढते. आई म्हणते, बघ, इतक्या लांबून येऊन पोरीला देव आठवतो, तुला रविवारी चर्चला उठवावं लागतं.

कलमं वाचून दाखवली. तिनं लिहून घेतली. कलम सातला (‘संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे’) तिनं विचारलं, बाह्या किती पूर्ण? अशी विद्यार्थिनी मला आजवर मिळाली नव्हती.

आईनं माशाचं नाव नगराध्यक्ष ठेवलं. म्हणाली, मधोमध तरंगतो, तोंड उघडतो, मिटतो, काम कुठं दिसत नाही.

बुधवार, १४ ऑगस्ट

नगराध्यक्ष फार बारीक दिसतो. कल्ल्यांखाली नुसती हाडं. कुणाला उपाशी ठेवून कामाला जुंपणं योग्य नाही, मासा झाला म्हणून काय. मक्याच्या टॉर्टियाचा तुकडा कुस्करून टाकला. एकदाच.

हौदाला दर शनिवारी क्लोरिन आणि साबणाचा लेप लावतो, तो आता लावता येत नाही. मासा मरेल. पण लेप कशासाठी? डासांसाठी. आणि मासा? डासांसाठीच. म्हणजे एकूण हिशेब तोच.

रविवार, १८ ऑगस्ट

‘एकदाच’ चुकलं. रोज टाकते.

नगराध्यक्ष गुबगुबीत झालाय. खाणं बंद करायचं, उद्यापासून. (पेन्सिल.)

पाण्यात काहीतरी बारीक आहे. धूळ असावी. हलणारी धूळ.

शनिवार, २४ ऑगस्ट

नुआलाला गुरुवारपासून ताप. डोळ्यांमागे ठणका, हाडं फुटल्यासारखी दुखतात. दवाखान्यात नेलं. डेंगी. डॉक्टर म्हणाले, पॅरासिटामॉल आणि पाणी, बाकी काही नाही, ॲस्पिरिनला हात लावू नका. आणि म्हणाले, पहिल्यांदा झालाय, यातून उठेल, पण हवा बदलेपर्यंत जपा, दुसऱ्यांदा झाला तर जड जातो.

परतताना टॅक्सीत ती माझा हात धरून म्हणाली, देल्मी, सॉरी, तुमचा शनिवार गेला.

ओंदिनाबाईंचा फोन आला. पहिला प्रश्न: कोणतं कलम मोडलं तिनं? मी म्हटलं, बघते.

घरी येऊन हौद पाहिला. लगेच कोणताही निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही.

सोमवार, २६ ऑगस्ट

शास्त्रीय विचार केला. डास फार लांब उडत नाहीत म्हणे, पण रस्ता ओलांडतातच. समोर डॉन मिन्चोचं पंक्चरचं दुकान. बाहेर जुन्या टायरांचा ढीग, प्रत्येकात पावसाचं पाणी. मी ओंदिनाबाईंना एवढंच म्हटलं की समोर टायरं आहेत. टायरं आहेतच. त्यांनी नगरपालिकेला फोन लावला.

गुरुवार, २९ ऑगस्ट

नगरपालिकेचा ट्रक आला आणि डॉन मिन्चोची सगळी टायरं घेऊन गेला. चांगलीसुद्धा.

संध्याकाळी तो आमच्याकडे आला. आईनं कॉफी दिली. आईला म्हणाला, दोन्या आर्खेन्तिना, वीस वर्षं मी इथं बसतो, आजवर कुणाला माझा डास चावला का? आई म्हणाली, मिन्चो, डासाच्या पायावर तुझं नाव नसतं रे. तो हसला. मग म्हणाला, ज्यानं तक्रार केली त्याच्या चाकात देव खिळा घालो. मला सायकल नाही, तरी कसंतरी झालं.

कॉफीबरोबर गोड पाव मी नेऊन दिला. दोन दिले.

रविवार, १ सप्टेंबर

नुआला उठून बसते आता. सूप घेते. अंगावर लाल पुरळ आहे, खाजवत नाही, म्हणते तुमच्या चादरीला त्रास नको.

आज ठरवलं होतं सांगायचं. (पेन्सिल.) पुरचुंडी, लेप, टॉर्टिया, सगळं ओळीनं. खोलीत गेले. तिनं दार लावायला सांगितलं आणि रडायला लागली. म्हणाली, देल्मी, तुला एक सांगायचंय. मी त्या माशाला चोरून खायला घालत होते. बिचारा उपाशी वाटायचा. दवाखान्यात भिंतीवर चित्र पाहिलं, पोट भरलेला मासा अळ्या खात नाही. मीच हा आजार ओढवून घेतला, आणि तुमचं घर बदनाम केलं.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, होतं असं. मी तुला माफ करते.

हे वाक्य मी मोठ्यानं म्हटलं. आत्ता लिहिताना पहिल्यांदा ऐकू आलं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

आजारी माणसावर आणखी एक बातमी टाकणं योग्य नव्हतं, हे मान्य करावं लागेल. कलम चार पाहुण्याच्या पोटाबद्दल असलं तरी त्याच्या मनालाही लागू पडतं. ती कामावर रुजू झाली की त्या दिवशी.

हौद रिकामा करून घासणार होते, पण नळाला पाणी आलं नाही, आणि आहे ते ओतून दिलं तर अंघोळीला काय? शुक्रवारी.

शनिवार, ७ सप्टेंबर

शुक्रवारी पाणी आलं. पण पंधरा सप्टेंबरच्या, स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाची तालीम होती, पोरांचे ढोल दिवसभर. अशा आवाजात हौदाचं काम होतं, पण मनाची तयारी होत नाही.

नुआला कालच कामावर रुजू झाली. पहिलीच्या वर्गानं तिला दारातच घेरलं. एका मुलीनं विचारलं, मिस, डासानं तुमचं रक्त लाल काढलं की केशरी? नुआला म्हणाली, केशरी, म्हणून तर तो परत आला नाही. माझ्या बारा कलमांवर आजवर कोणी एकदाही हसलेलं नाही. लिहून ठेवते.

मधल्या सुट्टीत ओंदिनाबाईंनी नव्या शिक्षकांना बसवलं, एक कॅनडाचा, एक स्कॉटलंडची. मी कलमं वाचली. मग नुआलाला उभं केलं, अनुभव सांगायला. तिनं सगळं सांगितलं, मासा, टॉर्टिया, मूर्खपणा, सगळं स्वतःच्या नावावर. शेवटी म्हणाली, देल्मीचं ऐका, तिच्याइतकी काळजी घेणारं कोणी नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले. अगदी ठरवून उभी राहिले. ओंदिनाबाई म्हणाल्या, देल्मी, काही जोडायचंय? मी म्हटलं, डासांचं मलम कोपरालाही लावा, लोक कोपर विसरतात.

मंगळवार, १० सप्टेंबर

ताप. डोळ्यांमागे ठणका.

अक्षर वाईट येतंय.

बुधवार, ११ सप्टेंबर

डेंगी. मला. आई म्हणते, कलमं वाचून वाचून डासालाच पाठ झाली.

नुआला पांढरीफटक पडली. डोक्यावर ओली पट्टी ठेवताना म्हणाली, मला चावलेला डासच तुला चावला. माझ्याच मूर्खपणाचा. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, तू फार चांगली आहेस. मी पुन्हा म्हटलं, नाही. तिनं पट्टी बदलली.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

नुआलानं राजीनामा दिला. ओंदिनाबाईंना म्हणाली, ज्या घरानं मला मुलीसारखं ठेवलं त्या घराला मी आजारी केलं, आणखी कुणाला करायच्या आधी जाते. शनिवारी, २१ तारखेला विमान. पहिलीच्या मुलांना अजून सांगितलेलं नाही. वाचायला नुकती लागली होती ती.

आईनं समजावलं. म्हणाली, पोरी, अगं डास काय तुझ्या खिशातून आले? नुआला म्हणाली, नाही, पण त्यांच्या शिकाऱ्याला मी जेवू घातलं.

मी खरं सांगितलं तर ती राहील. हे अगदी सरळ आहे. पण तापात माणूस काहीही बोलतो, आणि तापात सांगितलेल्या खऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ताप उतरला की.

रविवार, १५ सप्टेंबर

ताप उतरला. बाहेर बँड, झेंडे, डॉन मिन्चोच्या दुकानासमोर एकच नवं टायर, त्याला निळा-पांढरा कागद गुंडाळलेला.

डॉक्टर म्हणाले, आता अशक्तपणा तेवढा राहील. अशक्तपणा मोजता येत नाही, त्यामुळे तो कधी संपला हेही सांगता येत नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

नुआलानं जायच्या आधी हौद घासून द्यायचा हट्ट धरला. नगराध्यक्षाला बरणीत ठेवलं. बाह्या वर करून, आईचा एप्रन बांधून, क्लोरिनचा लेप कालवायला बसली. साबण संपला म्हणून जुना डबा उघडला.

खिडकीतून मला सगळं दिसत होतं.

पुरचुंडी हातात धरून तिनं आईला विचारलं, हे काय? आई म्हणाली, अगं बाई, ही तर हौदातली! आरोग्यवाल्यानं टाकलेली. ही बाहेर काढली कोणी?

मी तोंड उघडलं. हे खरं आहे, उघडलं होतं.

नुआलानं कपाळावर हात मारला. म्हणाली, अरे देवा, मीच! पहिल्या आठवड्यात मोजे धुताना हाताला काहीतरी चिंधी लागली होती. फडकं समजून पिळून ठेवलं असणार. आई, म्हणजे मासासुद्धा दुय्यम, मुळात हेच! आणि ती हौदाच्या कडेला बसून रडू लागली, आणि आई तिला जवळ घेऊन रडू लागली, आणि दोघींच्या कोपरांना क्लोरिन.

मला राग आला. लिहायला लाज वाटते, पण राग आला. जे केलं ते मी केलं. तिनं ते स्वतःवर काय म्हणून घ्यायचं?

मग एक क्षण असंही वाटलं की कदाचित तीच. तिला चिंधी आठवते, मोजे आठवतात. मागची पानं उलटून पाहिली. ६ ऑगस्ट. ‘ती मी काढली.’ शाईनं. नुआला यायच्या दोन दिवस आधी.

बुधवार, १८ सप्टेंबर

डॉन मिन्चोनं आमच्यासाठी शहाळी पाठवली. म्हणाला, दोन्ही पोरींसाठी.

उद्या पहिलीची मुलं नुआलाला निरोप देणार, गाणं बसवलंय. त्यात हा विषय नको. आज बोलायला वेळ मिळाला नाही.

दुरुस्ती: ‘आज बोलायला वेळ मिळाला नाही’ हे बरोबर नाही. आई बाजारात गेली होती. दुपारभर घरात आम्ही दोघीच होतो. ती मला चमच्यानं सूप भरवत होती आणि प्रत्येक चमच्याआधी फुंकर घालत होती.

परवा सकाळी सांगते. कॉफी गाळायच्या आधी. शनिवारचं तिकीट रद्द करायला एक दिवस पुरतो, मी विचारून घेतलंय. मग ओंदिनाबाईंना, मग रस्ता ओलांडून डॉन मिन्चोला.

पेन्सिल आईकडे देऊन टाकली. सांगायचा दिवस शाईनं: शुक्रवार, २० सप्टेंबर.